एक रोटर थांबला तर?

पाण्याखालच्या टर्बाइनला एकाच्या जागी दोन रोटर बसवले की वीज साधारण दुप्पट मिळते. हा हिशेब खोटा नाही. पण तो विजेपुरता खरा आहे, नांगरापुरता नाही. तरंगत्या सांगाड्यावर दोन रोटर शेजारी शेजारी फिरतात तेव्हा ते वीज तर देतातच, शिवाय एकमेकांना तोलूनही धरतात. डावा रोटर सांगाड्याला एका अंगाला पिळतो, उजवा उलट फिरून तो पीळ सोडवतो. दोघांवर पाण्याचा रेटा सारखा असेल तर सांगाडा प्रवाहाला सरळ तोंड देऊन राहतो. ही जोडी फिसकटली, म्हणजे एक थांबला, एक मंदावला किंवा एकाला जोराचे पाणी लागले आणि दुसऱ्याला कमी, की सगळ्या यंत्राचे वागणे बदलते. असे सिम्युलेशन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि अभियंत्यांना या लेखातून सांगायचे आहे ते एवढेच: सुरुवात ‘वीज किती मिळेल’ या प्रश्नाने करू नका, ‘रोटर एकसारखे चालत नसतील तेव्हा काय होईल’ या प्रश्नाने करा. मॉडेल कोणते निवडायचे, माहिती कोणती गोळा करायची आणि संगणकाचा वेळ कुठे खर्चायचा, हे सगळे त्यावरून ठरते.

हैदराबादेत बसून हे काम कसले करता, समुद्र कुठे आहे इथे, हा आक्षेप साहजिक आहे. जवळचा किनाराही इथून अडीचशे किलोमीटरहून दूर. पण सिम्युलेशनला समुद्राचा शेजार लागत नाही, समुद्राच्या नोंदी लागतात, आणि त्या बाबतीत हे शहर भाग्यवान आहे. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘इन्कॉइस’, 1999 पासून हैदराबादेतच आहे. देशाला त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणा 2007 पासून इथूनच चालते. लाटा, प्रवाह, भरती-ओहोटी यांचे अंदाज इथे रोज तयार होतात. याच संस्थेने भारताच्या सागरी आर्थिक क्षेत्राचा एकात्मिक ऊर्जा-नकाशा तयार केला असून त्यात लाटा, भरती-ओहोटी आणि प्रवाह यांतून मिळू शकणारी ऊर्जा सुमारे 5 किलोमीटरच्या चौकटींत पाहता येते. दख्खनच्या पठारावर राहणाऱ्याला समुद्राच्या कामाची सुरुवात करायला एवढी सामग्री पुरेशी आहे. ती कशी वापरायची आणि कुठे थांबायचे, हे मात्र समजून घ्यायला हवे.

आधी पाणी, मग पाती

टर्बाइनला मिळणारी शक्ती प्रवाहाच्या वेगाच्या घनावर अवलंबून असते. पाण्याची घनता, रोटरने व्यापलेले क्षेत्रफळ आणि वेगाचा घन यांच्या गुणाकाराच्या निम्मी शक्ती त्या पाण्यात असते. तिचा जास्तीत जास्त 59 टक्के भाग खुल्या प्रवाहातून काढता येतो, ही बेट्झची मर्यादा. प्रत्यक्षात 40 टक्के मिळाले तरी उत्तम. आता 20 मीटर व्यासाचा रोटर आणि सेकंदाला 2.5 मीटर वेग घ्या. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला 1025 किलो धरली तर उत्तर येते सुमारे 1 मेगावॅट. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘ऑर्बिटल ओ2’ या तरंगत्या यंत्राला याच व्यासाचे दोन रोटर आहेत आणि त्याची क्षमता 2 मेगावॅट आहे, म्हणजे कागदावरचा हिशेब वास्तवाशी जुळतो. पण वेग 2.5 वरून 1.2 वर आला की तोच रोटर मेगावॅटच्या जेमतेम नवव्या हिश्श्यावर येतो. घनाचा हा नियम मनात पक्का असल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

नवख्यांची पहिली चूक इथेच होते, कारण ते सरासरी वेग घेऊन हिशेब करतात. भरती-ओहोटीचा प्रवाह ढोबळमानाने साइन वक्रासारखा चढतो-उतरतो. कमाल वेग 1 धरला तर त्याची सरासरी 0.64 येते आणि या सरासरीचा घन 0.26. पण आधी प्रत्येक क्षणाचा घन करून मग सरासरी काढली तर 0.42 मिळतात. म्हणजे सरासरी वेगावर विसंबणारा माणूस ऊर्जा जवळजवळ 40 टक्के कमी मोजतो. शितावरून भाताची परीक्षा होते, पण इथे प्रत्येक शीत वेगळे शिजलेले असते. म्हणून निदान एक पूर्ण उधाण-भांग चक्र, म्हणजे साधारण 15 दिवस, आणि शक्य तर त्याहून मोठ्या काळातील वेगाची मालिका हाती असावी. उलट बाजूची चूक नकाशातून होते. पाच किलोमीटरच्या चौकटीत एखादी अरुंद सामुद्रधुनी मावूनही उरते, त्यामुळे तिथला खरा जोर आजूबाजूच्या संथ पाण्यात मिसळून जातो. नकाशाने जागा शोधाव्यात; निवडलेल्या जागेसाठी मात्र बारीक जाळीचे प्रवाह-मॉडेल चालवावे आणि ते ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणाऱ्या एडीसीपी यंत्राच्या नोंदींशी ताडून पाहावे. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून?

दोन रोटर लावणाऱ्याला आणखी एक गोष्ट मोजावी लागते, ती म्हणजे आडव्या दिशेतला फरक. एका रोटरच्या यंत्राला आपल्या मध्यावरचा वेग माहीत असला की बरेचसे काम भागते. दोन रोटरांच्या मध्यांत 30 मीटर अंतर असेल तर दोन ठिकाणचे वेग एका क्षणी सारखे असतीलच असे नाही. भोवरे, तळाचा चढउतार, किनाऱ्याची वळणे यांमुळे खळबळ होते. जोराच्या भरतीच्या जागी ती सरासरी वेगाच्या 10 टक्क्यांच्या आसपास असणे नेहमीचे आहे. म्हणून खळबळ टक्केवारीत सांगून भागत नाही. ती किती अंतरापर्यंत एकसंध असते, म्हणजे 30 मीटरवरच्या दोन बिंदूंचे वेग एकत्र चढतात की वेगवेगळे, हेही मॉडेलला सांगावे लागते. ते गाळले तर संगणक दोन्ही रोटरांना एकाच वेळी एकच झोत देतो आणि ज्या असमतोलासाठी सगळा खटाटोप, तोच गायब होतो.

रोटर: साध्या मॉडेलचा मान

रोटरसाठी पहिले मॉडेल म्हणून पात्याचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकावरचे बल काढणारी आणि त्याची पाण्याच्या संवेगाशी सांगड घालणारी पद्धत घ्यावी. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला बीईएम म्हणतात. इथे नावाचा एक सापळा आहे. सांगाड्यावरचे लाटांचे बल काढण्याच्या वेगळ्याच पद्धतीलाही बीईएम म्हणतात, आणि एकाच अहवालात दोन्ही आल्या की वाचणारा गोंधळतो. तेव्हा पहिल्याच उल्लेखात पूर्ण नाव लिहावे. ही पद्धत जुनी आणि साधी आहे म्हणून तिला हिणवू नये. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 0.8 मीटर व्यासाच्या रोटरवर केलेले आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग आजही या क्षेत्राची कसोटी मानले जातात. त्यांच्या शक्तीच्या आणि रेट्याच्या वक्रांशी तुमचा प्रोग्रॅम जुळत नसेल, तर पुढे कितीही भारी सॉफ्टवेअर जोडले तरी उपयोग नाही.

यावर आक्षेप येतो की पात्याभोवतीचे पाणी पूर्ण तपशिलात सोडवणारी सीएफडी पद्धत आज उपलब्ध असताना जुन्या पद्धतीत का अडकायचे? याचे उत्तर मोजणीत आहे. समजा वेगाच्या 5 पायऱ्या, लाटांच्या 3 स्थिती, भरती आणि ओहोटी अशा 2 दिशा आणि यंत्राच्या 4 अवस्था तपासायच्या आहेत. इथेच 120 प्रकरणे झाली. खळबळ यादृच्छिक असल्याने प्रत्येक प्रकरण निदान 6 वेगवेगळ्या नमुन्यांवर चालवले तर 720. बीईएमवर आधारलेले मॉडेल ही संख्या साध्या संगणकावर पेलते. पाते न् पाते सोडवणाऱ्या सीएफडीला त्यातली मोजकी प्रकरणेही महाग पडतात. म्हणून सीएफडी मोजक्या प्रश्नांसाठी राखावी: दोन रोटरांच्या टोकांमधली फट कमी झाली की एकमेकांवर काय परिणाम होतो, सांगाड्यामागे घुसळलेले पाणी पात्यांना कसे लागते, आणि पात्याच्या टोकाशी दाब इतका घटतो का की पाण्याचे बुडबुडे होऊन पाते खराब व्हावे. त्यांची उत्तरे गुणांकांच्या रूपात साध्या मॉडेलमध्ये आणता येतात. या दोन पद्धतींत चढाओढ नाही. एक रोजच्या कामाची, दुसरी अडल्या वेळची.

सांगाडा आणि नांगर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मघाच्याच 20 मीटर रोटरवर सेकंदाला 2.5 मीटर वेगाने येणाऱ्या पाण्याचा रेटा काढला, रेट्याचा गुणांक 0.8 धरून, तर तो सुमारे 82 टनांच्या वजनाइतका भरतो. दोन रोटरांचा मिळून 164 टन. हा सगळा भार नांगरदोरांवर जातो. दोन्ही रोटर चालू असताना भार मोठा पण सरळ असतो. एका रोटरची पाती प्रवाहाला समांतर वळवून तो थांबवला की एकूण भार निम्म्यावर येतो, आणि वरवर पाहणाऱ्याला वाटते की नांगर सुटकेचा श्वास घेईल. पण आता 82 टनांचे बल मध्यापासून 15 मीटर बाजूला लागते आहे. सांगाड्याला गरकन फिरवू पाहणारे हे बलाघूर्ण सुमारे 1230 टन-मीटर होते. शिवाय मिनिटाला 12 फेऱ्यांच्या गतीने 1 मेगावॅट देणाऱ्या रोटरचा पीळ सुमारे 80 टन-मीटर असतो. तो सोडवणारा जोडीदार थांबल्यामुळे सांगाडा एका अंगाला कलूही लागतो. निम्म्या भाराचा हा प्रसंग पूर्ण भारापेक्षा अवघड ठरू शकतो. एका रोटरचे आकडे दोनाने गुणणाऱ्या सिम्युलेशनमध्ये तो दिसतच नाही.

पूर्ण पाण्याखाली तरंगणाऱ्या यंत्रात हा प्रश्न आणखी एका दिशेला वाढतो. जपानच्या आयएचआय कंपनीने नेडो या सरकारी संस्थेबरोबर तयार केलेले ‘काइर्यू’ हे 100 किलोवॅटचे यंत्र 2017 मध्ये कागोशिमा प्रांतातील कुचिनोशिमा बेटाजवळ कुरोशिओ प्रवाहात तपासले गेले. उलटसुलट फिरणारे दोन रोटर, समुद्रतळाला बांधलेला दोर आणि पाण्यात पतंगासारखे तरंगणारे धड, अशी त्याची रचना. पृष्ठभागावरच्या होडीला वरखाली झाल्यावर पाणी स्वतःच सावरते. पाण्याखालच्या धडाला तसा आधार नसतो. त्याची खोली उत्प्लावन, रेटा आणि दोराचा ताण यांच्या तोलावर ठरते. समजा निव्वळ उत्प्लावन आणि रेटा सारखे आहेत आणि दोर 100 मीटरचा आहे. दोर 45 अंशांत कलेल आणि यंत्र तळापासून 71 मीटरवर राहील. एक रोटर थांबून रेटा निम्मा झाला की तेच यंत्र 89 मीटरवर जाईल, म्हणजे 18 मीटर वर. वर लाटा असतील, एखाद्या जहाजाचा तळ असेल. हे गणित वहीच्या एका पानावर होते. पण प्रश्न विचारलाच नाही तर महागड्या सॉफ्टवेअरमधूनही ते बाहेर येत नाही.

इथे कुणी म्हणेल, मग तरंगते यंत्र हवेच कशाला, तळावर खांब रोवून मोकळे व्हावे. उत्तर आयर्लंडमधल्या स्ट्रँगफर्ड लॉकमध्ये 2008 मध्ये बसवलेले ‘सीजेन’ हे दोन रोटरांचे यंत्र खांबावरच होते, आणि ते चाललेही. पण तळाशी पाणी घासून संथ होते. उंचीच्या सातव्या मुळाचा प्रचलित नियम लावला तर तळापासून 30 मीटरवरच्या पाण्यात 10 मीटरवरच्यापेक्षा सुमारे 60 टक्के अधिक शक्ती असते. शिवाय तरंगते यंत्र दुरुस्तीसाठी ओढून नेता येते. याची किंमत लाटांत मोजावी लागते. दोन मीटर उंचीची, 8 सेकंदांची लाट 15 मीटर खोलीवरही पाण्याला सेकंदाला 0.3 मीटरने मागेपुढे हलवते. सेकंदाला 2.5 मीटर प्रवाहात, प्रवाहाचा लाटेवरचा परिणाम बाजूला ठेवून, शक्ती त्यामुळे दोनतृतीयांशापासून जवळजवळ दीडपटीपर्यंत हेलकावते. तरंगण्याचा फायदा आणि तोटा दोन्ही एकाच मॉडेलमध्ये असले पाहिजेत, नाहीतर निवड आधीच ठरवून ठेवल्यासारखी होते.

सांगाडा हलतो तेव्हा भोवतीचे पाणीही त्याला हलवावे लागते, जणू त्याचे वजन वाढते. हा ‘ॲडेड मास’ हवेतल्या पवनचक्कीत नगण्य, पाण्यात निर्णायक. लाटांचे बल आणि हा ॲडेड मास काढण्यासाठी निमो किंवा कॅपिटेन ही खुली साधने पुरतात. नांगरदोरासाठी पहिल्या अंदाजाला स्थिर साखळीचे गणित चालेल, पण एक रोटर अचानक थांबण्याचा प्रसंग तपासायचा तर दोराचे वस्तुमान आणि त्यावरचा पाण्याचा विरोध धरणारे मूरडिनसारखे गतिमान मॉडेलच हवे, कारण दोर ढिला पडून पुन्हा ताणला जातो तेव्हाचा झटका स्थिर गणितात येत नाही. आवर्तनकाळही एका कागदावर शेजारी शेजारी मांडावेत: लाटांचा 5 ते 15 सेकंद, दोन पात्यांचा रोटर मिनिटाला 12 फेऱ्या करत असेल तर पाते समोरून जाण्याचा अडीच सेकंद, आणि नांगरावर सांगाडा झुलण्याचा त्याहून कितीतरी मोठा. यांतले दोन जवळ आले तर आराखडा तिथेच बदलावा.

बिघाडांचे कोष्टक

सगळे भाग एकत्र जोडताना साधनांची अडचण येते, हे खरे आहे. ओपनफास्ट हे अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचे खुले साधन आता पाण्यातल्या टर्बाइनांसाठीही वापरता येते, पण त्याची घडण मुळात एका रोटरच्या पवनचक्कीची. डब्ल्यूईसी-सिम लाटांच्या यंत्रांसाठी जन्मले. मॅटलॅबमध्ये त्याला एकाहून अधिक रोटरांचे बल बाहेरून जोडता येते. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात तयार झालेले क्यूब्लेडही पाहण्याजोगे आहे. कोणतेही साधन घेतले तरी एक नियम पाळावा: प्रत्येक रोटरला आपला स्वतंत्र वेग, स्वतंत्र नियंत्रक आणि स्वतंत्र बिघाड असला पाहिजे. दोन्ही रोटरांना एकच चल वापरणारी जोडणी कितीही सुबक दिसली तरी नाकारावी.

मग बिघाडांचे कोष्टक करावे. एक रोटर पाती वळवून थांबला. एक रोटर पाती न वळवता अडकला. वीजवाहिनी तुटून दोन्ही रोटर भारावाचून सुटले. नांगराचा एक दोर तुटला. भरती उलटताना सांगाडा आडवा सापडला. एका रोटरला जोराचा भोवरा लागला आणि दुसऱ्याला नाही. प्रत्येक ओळीसमोर चार उत्तरे हवीत: दोरातला सर्वांत मोठा ताण, सांगाडा किती अंशांनी वळला आणि कलला, खोली किती बदलली, आणि वीजकेबल किती वाकली. शेवटच्या स्तंभाकडे दुर्लक्ष होते, पण सांगाडा 20 अंशांनी वळला तर उरलेल्या रोटरची शक्ती साधारण 17 टक्के घटते, केबल मात्र कायमची निकामी होऊ शकते. नियंत्रकाचीही परीक्षा इथेच होते. ठरलेल्या वेगापुढे पाती वळवून शक्ती स्थिर ठेवणारा नियंत्रक वेग वाढला की रेटा कमी करतो. त्यामुळे सांगाडा पुढे झुकताना त्याला आवरणारे बलच घटते आणि डोलणे वाढू शकते. दोन नियंत्रक एकमेकांची खबर न घेता हेच करू लागले तर सांगाडा डावी-उजवीकडे हेलपाटू लागतो. दोघांना किती बोलू द्यायचे, हा निर्णय या कोष्टकातून निघतो.

चित्रापेक्षा पडताळणी

रंगीत चित्रे पाहून खूश होण्याचा मोह मोठा असतो, म्हणून पडताळणीचा क्रम आधीच लिहून ठेवावा. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने प्रसिद्ध केलेली ‘रेफरन्स मॉडेल’ यासाठी वरदान आहेत. पहिले मॉडेल, आरएम1, खांबावरच्या 20 मीटरच्या दोन रोटरांचे. त्याची 1:40 प्रतिकृती मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेत तपासली गेली. चौथे, आरएम4, फ्लोरिडाजवळच्या प्रवाहासाठी कल्पिलेले, चार रोटरांचे, दोराने बांधलेले, एकूण 4 मेगावॅटचे. आधी साउदॅम्प्टनचा एक रोटर, मग आरएम1 चे दोन, मग आरएम4 चे चार, आणि त्यानंतरच स्वतःचा आराखडा, असे चढत जावे. प्रत्येक पायरीवर काळाची पायरी आणि जाळी निम्मी करून उत्तर बदलते का ते पाहावे. बदलत असेल तर ते उत्तर अजून पाण्याचे नाही, जाळीचे आहे. प्रतिकृतीवर प्रयोग करण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र 1916 पासूनचे आहे, आणि मद्रास व खरगपूर आयआयटींत जहाजांची प्रतिकृती ओढून पाहण्याचे हौद आहेत. दोन रोटरांची छोटी प्रतिकृती ओढताना एक रोटर मुद्दाम थांबवणे, हा प्रयोग स्वस्त आहे आणि शंभर चित्रांपेक्षा बोलका.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: भारतात एवढा जोराचा प्रवाह आहे कुठे? केंद्र सरकारच्या अंदाजानुसार देशाची भरती-ओहोटीची क्षमता सुमारे 12,455 मेगावॅट आहे, पण तिचा मोठा भाग खंबात आणि कच्छच्या आखातांत आहे, आणि तो धरणासारखा बांध घालून मिळणारा. खंबातला भरती-ओहोटीतला फरक 11 मीटरपर्यंत जातो हे खरे, तसा तिथला गाळही प्रचंड. कोकणच्या खाड्यांकडून फारशी आशा ठेवू नये. अंदमानच्या मॅकफर्सन सामुद्रधुनीत चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने 2013 मध्ये छोटे टर्बाइन तपासले. बेटांवर डिझेलच्या विजेला पर्याय हवा असतो, तिथे लहान यंत्रालाही अर्थ आहे. पण आक्षेपातला मुद्दा मान्य केला तरी सिम्युलेशनची गरज कमी होत नाही, वाढते. प्रवाह मंद असला की तीच वीज मिळवायला रोटरांचे क्षेत्रफळ वाढवावे लागते. एकच अवाढव्य रोटर उथळ पाण्यात मावत नाही, म्हणून अनेक लहान रोटर येतात, आणि रोटर वाढले की त्यांतला एखादा बंद असण्याची शक्यताही वाढते. दोन रोटरांपैकी प्रत्येक 5 टक्के काळ बंद राहत असेल तर दोन्ही एकत्र चालू असण्याचा काळ 90 टक्के. सहा रोटरांचा तोच हिशेब 74 टक्क्यांवर येतो. म्हणजे सहा रोटरांच्या यंत्रासाठी बिघाड हा अपवाद नाही, वर्षातले तीन महिने चालणारा रोजचा कारभार आहे.

म्हणून अहवाल लिहिताना पहिल्या पानावर मेगावॅटचा आकडा ठेवू नये. तिथे बिघाडांचे कोष्टक असावे. कोणत्या ओळी प्रयोगाशी ताडून पाहिल्या आणि कोणत्या केवळ गणितावर उभ्या आहेत, हे त्याच पानावर स्पष्ट असावे. विजेचा वार्षिक अंदाज त्यानंतर यावा, आणि त्या अंदाजात एक रोटर बंद असतानाचे दिवसही मोजलेले असावेत. असा अहवाल वाचणारा अभियंता नांगरदोराची जाडी ठरवू शकतो. नुसता मेगावॅटचा आकडा हाती आला तर त्याला ती अंदाजाने ठरवावी लागते.